नाव माहीत नसलेली माणसं

निवांत_आता (धागाकर्ती)

निवृत्त होऊन आता बरेच महिने झाले. निरोप समारंभात जो तो सांगत होता, सुरुवातीला जड जाईल, मग सवय होईल. जड नेमकं काय जाईल याचा अंदाज मात्र कोणालाच आला नव्हता. काम आठवत नाही. साहेब तर मुळीच आठवत नाहीत. मैत्रिणी फोनवर आहेतच, उलट आता जास्त बोलणं होतं, कारण मधे फायली येत नाहीत. आठवण येते ती ज्यांचं नावसुद्धा मला ठाऊक नाही अशा माणसांची.

सकाळच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक बाई बसायच्या. चेहरा क्वचित दिसायचा, मान रोज दिसायची. कानामागे तीळ, केसांतल्या चापाची जागा ठरलेली. माझ्या बाजूची खिडकी अडकायची. पावसाची सर आली की त्या काही न बोलता मागे हात घालायच्या, काच आधी किंचित वर उचलायच्या आणि मग झटकन सरकवायच्या. मी कितीदा करून पाहिलं, मला कधी जमलं नाही. एकदा तापाने मी बरेच दिवस घरी होते. परत गेले त्या दिवशी त्या वळून म्हणाल्या, "आता बरं आहे ना?" मी म्हटलं, "हो." आमच्यातलं सर्वांत मोठं संभाषण ते एवढंच.

शेवटच्या दिवशी ऑफिसातल्या सगळ्यांचा निरोप घेतला, ज्यांच्याशी पटत नव्हतं त्यांचाही. या बाईंचा तेवढा राहिला. सांगणार तरी काय? 'उद्यापासून मी तुमच्या मागे बसणार नाही' असं कोणी कोणाला सांगतं का?

म्हणून हा धागा. बदली, लग्न, बाळंतपण, आजारपण, घर बदलणं, घरातलं कोणी जाणं... आयुष्याने कूस बदलली तेव्हा अशी कोणती माणसं मागे राहिली, कोणती नव्याने भेटली? थोर त्यागाच्या कथा नकोत, त्यांच्यासाठी वेगळा धागा काढा. इथे चिल्लर चालेल.

अर्धी_झोप

किती नेमकं लिहिलंत. रुमाल टाकून ठेवते. पिल्लू झोपलं की लिहिते.

चष्मा_शोधतोय

तुमच्या बसमधल्या बाईंवर मानसशास्त्रात चक्क संशोधन झालेलं आहे. (माझा शिकवायचा विषय, त्यामुळे राहवत नाही. सांभाळून घ्या.)

स्टॅन्ली मिलग्रॅम हे नाव बहुतेकांना विजेच्या धक्क्यांच्या प्रयोगामुळे माहीत असतं. वरून हुकूम आला की साधी माणसं समोरच्याला किती त्रास द्यायला तयार होतात, तो प्रयोग. त्याच माणसाने १९७२ साली 'ओळखीच्या अनोळखी' लोकांवर लिहिलं. त्याच्या विद्यार्थ्यांनी फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्यांचे फोटो काढले, पुढच्या आठवड्यात तिथल्याच लोकांना ते वाटले आणि विचारलं, यातलं कोण ओळखीचं वाटतं? दहातल्या जवळजवळ नऊ जणांनी निदान एक तरी चेहरा ओळखला. सरासरी माणशी चार चेहरे निघाले, ज्यांच्याशी कधी शब्दही बोललेले नाहीत.

मला त्यातली एक हकिगत फार आवडते. ब्रुकलिनमध्ये एक बाई रस्त्यात कोसळली. तिला वर्षानुवर्षं नुसतं येता-जाता पाहणारी त्याच रस्त्यावरची दुसरी बाई पुढे झाली, रुग्णवाहिका बोलावली, स्वतः बरोबर बसून हॉस्पिटलपर्यंत गेली. नंतर म्हणाली, आम्ही कधी बोललो नव्हतो, पण इतकी वर्षं पाहत आलो, तेव्हा ती माझी जबाबदारीच वाटली.

म्हणजे तुम्ही त्या बसमध्ये चक्कर येऊन पडला असतात तर पहिला हात कोणाचा आला असता, हे सांगायला नको.

सरळ_बोलतो

चाललंय छान, पण थोडं जमिनीवर या. माणसं चांगली-वाईट नसतात, त्यांना सवड असते किंवा नसते. तुमच्या बाईंना बसमध्ये बसल्या जागी दुसरं काम नव्हतं म्हणून त्यांनी खिडकी लावली. त्याच बाई उशीर झाला म्हणून स्टॉपवर धावत असत्या तर तुम्हाला धक्का मारून पुढे गेल्या असत्या आणि तुम्ही आज 'हल्लीची माणसं' असा धागा काढला असतात.

प्रयोगच हवा असेल तर हा घ्या. १९७३, डार्ली आणि बॅट्सन, प्रिन्स्टन. धर्मोपदेशक व्हायला निघालेले विद्यार्थी. त्यांना सांगितलं, शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्या. काहींना तर वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्या वाटसरूची बायबलमधली गोष्ट, त्यावरच बोलायचं होतं. वाटेत बोळात एक माणूस मान खाली घालून खोकत, कण्हत पडलेला. ज्यांना 'अजून वेळ आहे' असं सांगितलं होतं त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना 'उशीर झालाय, पळा' म्हटलं होतं त्यांच्यापैकी १० टक्के. डोक्यात करुणेचं भाषण घेऊन निघालेली माणसं कण्हणाऱ्याला वळसा घालून गेली.

मोहोर

>> तुम्हाला धक्का मारून पुढे गेल्या असत्या

तुम्ही पहिल्या प्रतिसादापासून असेच आहात की दिवस वाईट गेला? :)

चष्मा_शोधतोय

सरळ, आकडे बरोबर आहेत. पण त्या प्रयोगात विद्यार्थी होते एकूण ४०, तेवढ्यावर अख्ख्या मनुष्यजातीचा निकाल लावू नका. उलट बाजूचंही सांगतो. अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन इथल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत टिपलेली २१९ भांडणं काही संशोधकांनी बारकाईने पाहिली. २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. दहापैकी नऊ वेळा बघ्यांपैकी निदान एक जण तरी मधे पडला होता. आणि बघे जास्त, तेवढी कोणीतरी पुढे होण्याची शक्यताही जास्त. 'गर्दीत कोणी कोणाचं नसतं' हे आपण इतकं घोकलंय की कोणी धावून आलेलं दिसलं तरी त्याला अपवाद म्हणतो.

ड्युटीवाली

नाइट संपवून आलेय, झोपायच्या आधी लिहून टाकते.

सवडीचं म्हणाल तर वॉर्डात ती कधीच नसते. आमच्याकडे 'वेळ मिळाला की प्रेमाने बोलू' म्हटलं तर निवृत्तीपर्यंत कोणाशी बोलणं व्हायचं नाही. त्यामुळे सरळ यांचं अर्धं पटतं. उरलेलं अर्धं असं, की घाईतसुद्धा काही गोष्टी फुकट असतात, त्या कोणीतरी दाखवून द्याव्या लागतात.

मी नवीन असताना आमच्या एक सिनियर सिस्टर होत्या. सलाइन बघायचं असो की बीपी, त्या पेशंटच्या कॉटशेजारचं स्टूल पायाने ओढून आधी बसायच्या. मी बीपी घ्यायची उभ्याने, त्या घ्यायच्या बसून. वेळ तेवढाच. पण डिस्चार्जच्या वेळी नातेवाईक त्यांचं नाव घेऊन सांगायचे, "त्या सिस्टर आमच्याशी खूप वेळ बोलायच्या." खूप वेळ कुठला, कफ फुगवून उतरेपर्यंत!

पुढे कळलं की यावर अभ्यासही झालाय. अमेरिकेत एका हॉस्पिटलात ऑपरेशननंतर पेशंटला भेटायला येणारा डॉक्टर कधी उभा राहिला, कधी बसला. बसला तेव्हा खरं तर तो थोडा कमीच वेळ थांबला होता. पेशंटना मात्र तो जास्त वेळ थांबला असं वाटलं.

दुसरं म्हणजे हात लावायच्या आधी सांगणं. "हात गार आहेत हं माझे." एवढ्याने माणूस आक्रसत नाही. रात्री तीनला जाग आलेल्या म्हाताऱ्या माणसाला आपण कुठे आहोत हेच कळत नसतं, त्यात कोणी न बोलता दंड धरला तर काय होत असेल विचार करा.

आता झोपते. फोन सायलेंट.

निवांत_आता

ड्युटीवाली, स्टुलाची गोष्ट वाचून माझ्या ऑपरेशनच्या वेळच्या एक सिस्टर डोळ्यांसमोर आल्या. त्या बसायच्या की नाही आठवत नाही, पण मला त्या बसलेल्याच आठवतात.

पांढरी_काठी

माझा फोन मला प्रतिसाद वाचून दाखवतो, त्यामुळे कोण किती लांबण लावतं ते तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं. या धाग्यावर चष्मा आघाडीवर आहेत.

धाग्यात जरा मीठ कमी पडलंय म्हणून लिहितो. दयाळू माणसांचा मला रोज त्रास होतो.

रस्ता ओलांडताना मी नुसता उभा नसतो. माझ्या समांतर जाणारी वाहनं ऐकून मी शरीर सरळ रेषेत लावून घेतो. आडवी वाहनं थांबली, समांतर सुटली की निघायचं. हे जुळवायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात एखादे सज्जन मागून दंड पकडतात आणि काही न विचारता तिरके ओढत पलीकडे नेतात. मग "हं, आलात" म्हणून निघून जातात. मी पलीकडे, पण तोंड कुठे आहे ते मला माहीत नाही. वर दिशा नव्याने शोधत असताना दुसरे सज्जन येतात.

रागावून चालत नाही. रागावलं की "आंधळा असून माज बघा" हेही ऐकू येतं, कान शाबूत आहेत.

बरोबर कसं करायचं ते सांगतो, कारण शाळेत कोणी शिकवत नाही. आधी बोला. "मदत हवी का?" नको म्हटलं तर नको. हवी म्हटलं तर तुमचं कोपर पुढे करा, मी ते धरतो आणि अर्धं पाऊल मागे चालतो. तुमचं शरीर वळलं की मला वळण कळतं, उतरलं की पायरी कळते. पायऱ्या आल्या की वर की खाली एवढं सांगा. सोडताना सांगून सोडा.

जुन्या स्टॉपवर एक पोरगा होता. कॉलेजला जाणारा असावा, बॅगेची चेन सतत खेळवायचा, त्या आवाजावरूनच मला कळायचं की आला. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "तुम्हाला कोणती बस?" मी सांगितली. त्यानंतर कधी विचारलं नाही. माझी बस आली की नुसतं म्हणायचा, "तुमची. दार डावीकडे, चार पावलं." धरलं नाही, ओढलं नाही, पुण्य कमावलं नाही.

नोकरी बदलली, स्टॉप बदलला. नव्या स्टॉपवर सगळ्यांची पुन्हा पहिलीपासून शिकवणी. धागाकर्तीचं दुःख मला त्या अर्थाने कळतं. तुमची खिडकी गेली, माझी चार पावलं.

मोहोर

पांढरी काठी, धन्यवाद. दंड पकडण्याबद्दल लिहिलंत ते बरं झालं, हे किती जणांना माहीतच नसतं.

सरळ_बोलतो

पांढरी काठींना अनुमोदन. आणि माझा पुढचा मुद्दा आयताच मिळाला. ही 'छोटी दया' वाटली जाते ती तोंड बघून. माझा बोलण्याचा सूर, कपडे, रंगरूप ज्याला आपलंसं वाटतं तो मला जागा देतो. शेजारी मळक्या कपड्यातला माणूस उभा असेल तर त्याला कोणी 'बरं आहे ना' विचारत नाही. तुमच्या बाईंनी तुम्हाला विचारलं कारण तुम्ही त्यांच्यासारख्याच होतात. ओळखीचे अनोळखी वगैरे नाव गोड आहे, पण ओळख आपसांतलीच.

निवांत_आता

सरळ, याला माझ्याकडे उत्तर नाही. ऑफिसच्या दाराशी रात्रपाळी करून निघणारे एक सुरक्षारक्षक होते, त्यांना मी रोज मान हलवायचे. पण त्यांच्या जागी नवीन आले तेव्हा जुने कुठे गेले, हे मी विचारलं नाही. बसमधल्या बाई अशा दिसेनाशा झाल्या असत्या तर कदाचित विचारलं असतं.

तिसरा_गिअर

ही साइट बायको वाचते, तिने हा धागा दाखवला म्हणून खातं काढलं. मी बस चालवतो.

मॅडम, तुम्ही लोक म्हणता की आम्ही यांना ओळखत नाही. आम्ही तुम्हाला ओळखतो. रोजच्या फेरीला आरशात रोजचे चेहरे दिसतात. कोण कुठे चढतं, कोण सुट्टे घेऊन तयार असतं, कोण पायरी चढताना गुडघ्यावर हात ठेवतं. एखादा चेहरा दिसला नाही तर पहिले दोन-चार दिवस वाटतं, सुट्टीवर असेल. मग वाटतं बदली. म्हातारं माणूस असेल तर मनात वेगळंच येतं. कंडक्टर आणि मी डेपोत बोलतो, अहो ते पिशवीवाले आजोबा बरेच दिवस नाहीत. कोणाला विचारणार? नाव नाही, पत्ता नाही.

म्हणून सांगतो, कायमचं जाताना सांगून जात जा. 'उद्यापासून येणार नाही, रिटायर झाले' एवढं पुरे. आम्हाला वाटतं माणूस गेला.

आणि सवडीचं जे कोणी लिहिलंय ते खरं आहे, पण दुसरी बाजू पण आहे. आरशात कोणी धावत येताना दिसतं. थांबलो तर त्या एकासाठी चांगला, आतल्या चाळीस जणांसाठी वाईट. सिग्नल चुकतो, पुढच्या स्टॉपवर दुप्पट गर्दी, मग सगळी फेरीच मागे पडत जाते आणि मागची गाडी येऊन चिकटते. शेवटी ती शिवी मीच खातो. तरी थांबतो. कधी थांबतो, कधी नाही, त्याचा काही नियम नाही. छत्री नसलेला आणि पाऊस असेल तर थांबतोच. पोर कडेवर असेल तर थांबतोच. मोबाइल बघत रमतगमत येणाऱ्यासाठी नाही.

चष्मा_शोधतोय

तिसरा गिअर, स्वागत! या धाग्यावरचा सर्वांत मोलाचा प्रतिसाद. मिलग्रॅमने प्रवाशांना विचारलं, ड्रायव्हरला विचारायचं राहिलं.

मोहोर

निवांतताई, आता तुम्ही जायलाच हवं! एक दिवस त्याच वेळेची बस पकडा आणि बाईंना सांगून या. त्यांना काय काय वाटत असेल!

निवांत_आता

तिसरा गिअर, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. आपण कोणाच्या आरशात आहोत हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मोहोर, जायचं की नाही यावर मात्र माझं मन नाही म्हणतंय. मुद्दाम ठरवून, आवरून, बसमध्ये चढून त्यांना सांगायला गेले तर ती भेट होईल. आमच्यात भेट कधीच नव्हती. नाव विचारलं जाईल, फोन नंबर दिले जातील, मग दोघींनाही ते निभवावं लागेल. जे इतकी वर्षं न निभावता चाललं ते तसंच राहू दे.

मोहोर

छे, हे काही मला पटत नाही. हे संकोचाला तत्त्वज्ञान चढवणं झालं. राग नका मानू.

चष्मा_शोधतोय

मोहोर यांच्या बाजूने एक पुरावा जोडतो आणि गप्प बसतो. शिकागोत एप्ली आणि श्रोडर यांनी रोज ट्रेनने जाणाऱ्यांना विचारलं, अनोळखी सहप्रवाशाशी बोलावं लागलं तर प्रवास कसा होईल? बहुतेकांचा अंदाज, सगळ्यात वाईट. मग काहींना खरंच बोलायला लावलं, काहींना गप्प बसायला. बोललेल्यांचा प्रवास जास्त आनंदात झाला. हे २०१४ चं. समोरच्याला आपण नको असू, असं प्रत्येकालाच वाटत असतं आणि म्हणून अख्खा डबा गप्प.

सरळ_बोलतो

मी त्या डब्यात असतो तर उतरून दुसऱ्या डब्यात गेलो असतो.

अर्धी_झोप

झोपलंय! लिहिते पटापट, टायपो माफ.

बाळ झाल्यावर काही महिन्यांतच नवऱ्याच्या नोकरीमुळे गाव बदललं. नव्या गावात कोणीच ओळखीचं नाही. आईचा फोन दिवसातून तीनदा, पण फोन बाळाला धरत नाही ना. त्या काळात मला ज्या माणसांनी तारलं त्यांना पत्ताही नसेल.

एकदा ट्रेनमध्ये पिल्लू रडायला लागलं. साधं रडणं नाही, टाचा घासून, श्वास कोंडून, लालबुंद होऊन. डब्यातल्या सगळ्या सल्लागार बायका जाग्या झाल्या. टोपी काढा, टोपी घाला, पोटात दुखतंय, भूक लागलीय, दृष्ट लागलीय. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. समोर एक मुलगा बसला होता, सोळा-सतराचा असेल, कानात इअरफोन, चेहऱ्यावर जगाचा कंटाळा. त्याने इअरफोन काढले, त्यांची ती छोटी डबी असते ना, ती हातात घेतली आणि बाळाच्या तोंडासमोर उघडली. टक्. बंद केली. टक्. उघडली. बाळाने श्वास घेतला आणि बघत राहिलं. टक्, टक्, टक्. आमचं स्टेशन येईपर्यंत तो ते करत होता. हसला नाही, 'किती गोड' म्हणाला नाही, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी उतरताना थँक्यू म्हटलं तर खांदे उडवले आणि इअरफोन परत कानात.

सल्ला देणाऱ्या सगळ्या जणी प्रेमानेच बोलत होत्या, हे आता कळतं. पण त्या क्षणी मला हवं होतं ते त्यांच्याकडे नव्हतं, त्या पोराकडे होतं.

उठलं. पळते.

सहज_वाचतो

मी सहसा लिहीत नाही, नावाप्रमाणे वाचतो. पण इथे लिहावंसं वाटलं.

माझी पत्नी गेली. आजार लांबलेला होता, त्यामुळे तयारी होती असं लोक म्हणतात. नंतरच्या दिवसांत भेटायला पुष्कळ जण आले. मग येणं थांबलं, तेही रीतीला धरूनच होतं. रस्त्यात ओळखीचे दिसले की काय बोलावं त्यांना सुचायचं नाही, मलाही नाही. काही जण तर समोरून येताना रस्ता बदलायचे. मी त्यांना दोष देत नाही.

ती ग्रंथालयाची सभासद होती. घरात राहिलेली पुस्तकं परत करायला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी कार्ड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. त्यांनी 'अरेरे' केलं नाही. पुस्तकं जमा करून घेतली, प्रत्येकावर शिक्का मारला, आणि मग थोडं थांबून म्हणाल्या, "त्यांनी काही पुस्तकांसाठी नंबर लावून ठेवलेत. ते रद्द करू की राहू देऊ?"

मी म्हटलं, राहू द्या. का म्हटलं ते मलाही ठाऊक नाही.

मग पुस्तकं येत राहिली. कधी पंधरवड्याने, कधी महिन्याने फोन यायचा, "त्यांचं पुस्तक आलंय." त्या कधी 'तुमचं पुस्तक' म्हणाल्या नाहीत. आत चिठ्ठी असायची, तिचं आडनाव आणि नंबर. मी आणायचो, वाचायचो, परत करायचो. रहस्यकथा होत्या, एक प्रवासवर्णन होतं, आणि एक मधमाश्या पाळण्यावरचं होतं. त्याचा काही उलगडा होत नाही. आमच्याकडे बाल्कनीसुद्धा नाही. तिने तो विषय माझ्याजवळ कधी काढला नव्हता. मुलीला विचारलं, तिलाही माहीत नाही. एवढा संसार झाला आणि बायको मधमाश्या पाळायचा विचार करत होती हे मला ग्रंथालयाकडून कळलं. वाचताना मी हसलो. ती गेल्यावर पहिल्यांदा, बहुधा.

यादी संपली त्या दिवशी बाईंनी नवा फॉर्म पुढे केला. म्हणाल्या, "आता तुमची करा." मी अजून कोरा ठेवलाय. मधमाश्यांचं तेवढं पुन्हा आणलं.

ड्युटीवाली

सहज_वाचतो काका, झोप उडाली माझी. तुम्ही लिहीत जा.

मोहोर

काका, __/\__

निवांत_आता

सहज_वाचतो, काय लिहू कळत नाही. त्या बाईंनी ते पुस्तकांचं विचारलं कसं असेल, याचाच विचार करतेय. नियमाने त्यांनी यादी रद्द करायला हवी होती.

सरळ_बोलतो

काका, नमस्कार. यावर वाद नाही.

रस्ता बदलणाऱ्यांबद्दल मात्र म्हणावंसं वाटतं. मीही तसाच आहे. शेजाऱ्यांचा तरुण मुलगा गेला, तेव्हापासून जिन्यात त्यांच्या पावलांचा आवाज आला की मी दाराआड थांबतो. काय बोलायचं? 'कसे आहात' विचारणं मूर्खपणाचं वाटतं.

चष्मा_शोधतोय

सरळ, तुम्ही विचारलंत म्हणून. जेरोम मोटो नावाचे सॅनफ्रान्सिस्कोचे एक मानसोपचारतज्ज्ञ होते. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे हॉस्पिटलात राहून गेलेल्या, पण पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ जणांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला अधूनमधून चार ओळींचं पत्र जायचं. अर्थ साधारण असा, तुम्हाला भेटून काही काळ लोटला, सगळं बरं असेल अशी आशा आहे, कळवावंसं वाटलं तर आम्हाला आनंद होईल. सल्ला नाही, गोळ्या घेता का ही चौकशी नाही, उत्तर द्याच असाही आग्रह नाही. पाच वर्षं हे चाललं. दुसऱ्या गटाला काहीच गेलं नाही. पत्रं मिळणाऱ्यांमध्ये आत्महत्येने झालेले मृत्यू कमी होते, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत. २००१ मध्ये ते सविस्तर छापून आलं.

उत्तराची अपेक्षा न ठेवणं, माझ्या मते त्यातली ग्यानबाची मेख आहे. जिन्यात शेजारी भेटले तर 'कसे आहात' विचारू नका, खरंच. त्याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं. 'आज तुमची आठवण झाली होती' म्हणा आणि जा. मुलाचं नाव घेता आलं तर घ्या. लोकांना वाटतं नाव घेतलं तर आठवण होईल. जणू ते विसरले होते.

सहज_वाचतो

चष्मा बरोबर सांगत आहेत. नाव घेतलेलं बरं वाटतं.

सरळ_बोलतो

बघतो.

पांढरी_काठी

चष्मा, हा प्रतिसाद ऐकायला खूप वेळ लागला, पण यावेळी तक्रार नाही.

अवांतर: त्या बॅगेच्या चेनवाल्या पोराला कोणी ओळखत असेल तर सांगा, नव्या स्टॉपवर बस उजवीकडे लागते.

मोहोर

तिसरा गिअर दादा, एक विचारायचं होतं. उतरताना आम्ही थँक्यू म्हणतो ते तुम्हाला ऐकू जातं का? की उगीच आपलं?

तिसरा_गिअर

मागच्या दाराने उतरलात तर इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही. आरशात हात केलेला दिसतो. पण गाडी पूर्ण थांबल्यावर करा. चालू गाडीत एक हात दांडीवरून सोडून टाटा करणारे पण आहेत, त्यांना माझ्याकडून शिव्या मिळतात.